सिंगल साइन-ऑन घ्यावं की पासवर्ड मॅनेजर? वाचकांच्या शंका

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. कॉम्प्युटरवर बसणारी माणसं साठेक. मेल गूगल वर्कस्पेसवर, ईआरपी (खरेदी, उत्पादन, साठा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्लाउडवर, हिशेब टॅलीत. सगळे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये आहेत आणि ती शीट निम्म्या ऑफिसकडं आहे. एक व्हेंडर सिंगल साइन-ऑन घ्या म्हणतो, दुसरा पासवर्ड मॅनेजर. दोघांचेही दर माणशी, महिन्याला. नेमकं काय घ्यावं?
– एक उद्योजक, शिरोली

उत्तर : दोन्ही व्हेंडर वेगवेगळ्या दुखण्यावरचं औषध विकताहेत, त्यामुळे दरपत्रकं शेजारी ठेवून काही कळणार नाही. सिंगल साइन-ऑनमध्ये माणूस एकाच ठिकाणी, तुमच्या बाबतीत गूगलवर, ओळख पटवतो आणि ईआरपी त्या ओळखीवर त्याला आत घेतं. ईआरपीचा वेगळा पासवर्ड उरतच नाही. पासवर्ड मॅनेजरमध्ये पासवर्ड राहतात, पण कुलपात. ज्याला जेवढे लागतात तेवढेच त्याला मिळतात.

आधी एक यादी करा. प्रत्येक लॉगिनपुढे लिहा : किती जण वापरतात, लॉगिन ज्याचं-त्याचं आहे की सामायिक, सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट (एका ठिकाणी पटलेली ओळख दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळवायच्या दोन ठरलेल्या पद्धती) चालतं का, आणि चालत असेल तर कोणत्या प्लॅनमध्ये. हा शेवटचा रकाना चुकवू नका. सिंगल साइन-ऑनची सोय वरच्या, महागड्या प्लॅनमध्येच ठेवण्याची बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांची रीत आहे. साठ जणांचा प्लॅन वर चढवण्याचा खर्च व्हेंडरच्या कोटेशनमध्ये नसतो.

फाउंड्रीच्या यादीत काय निघतं? जीएसटी, ई-वे बिल, आयकर, पीएफ, ईएसआयसी, महावितरण, बँका, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. यातलं एकही तुमच्या गूगल लॉगिनवर उघडणार नाही. वाहन कंपन्यांच्या सप्लायर पोर्टलवर सिंगल साइन-ऑन असलं तरी ते त्यांचं असतं, तुमच्या हातात नसतं. उरतात ईआरपी, एचआरचं सॉफ्टवेअर आणि फार तर एखाद-दुसरी सेवा. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : पासवर्ड मॅनेजर आधी घ्या. सिंगल साइन-ऑनसाठी ऑक्टासारखी वेगळी सेवा सध्या नको, कारण गूगल वर्कस्पेसमध्ये ती सोय आहेच.

ईआरपी जोडायची पद्धत अशी. गूगलच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये वेब आणि मोबाइल अ‍ॅप्समध्ये जाऊन कस्टम सॅमल अ‍ॅप जोडा. तिथला साइन-ऑनचा पत्ता, एंटिटी आयडी (त्या बाजूचं ओळखनाव) आणि सर्टिफिकेट (गूगलच्या निरोपावरची सही तपासायला लागतं ते) ईआरपीवाल्याला द्या. त्याच्याकडून एसीएस पत्ता (गूगलनं तो निरोप जिथे पाठवायचा तो) आणि त्याचा एंटिटी आयडी घ्या. मग ते अ‍ॅप ‘सुरू’ करा. नवीन अ‍ॅप सगळ्यांसाठी बंद अवस्थेत तयार होतं आणि पहिला ४०३ एरर (प्रवेश नाकारल्याचा) बहुतेक वेळा इथूनच येतो. सुरू केल्यावरही बदल सगळीकडे पोचायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. सुरुवातीला दोघा-तिघांच्याच गटाला चालू करा, महिनाअखेरच्या गडबडीत तर नकोच.

जोडणी झाली की ईआरपीतला जुना पासवर्ड-लॉगिन बंद केला का, हे तपासा. तो उघडा राहिला तर पुढचं दार कुलूपबंद आणि मागचं सताड, अशी गत होते. नोकरी सोडलेल्याचं गूगल खातं बंद केलं तरी त्याच्या मोबाइलवरचं ईआरपी सेशन काही काळ जिवंत राहू शकतं, तेव्हा ईआरपीतूनही त्याला बाहेर काढा.

टॅलीचं गणित निराळं. तिथे टॅलीतलेच वेगवेगळे युजर करा. टॅलीव्हॉल्ट (कंपनीचा डेटा कूटबद्ध करणारी टॅलीतली सोय) लावलं असेल तर तो पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि शिवाय कागदावर तिजोरीत ठेवा. तो विसरला तर डेटा परत मिळवायचा मार्ग नाही.

राहता राहिली ती एक्सेल शीट. पासवर्ड मॅनेजरमध्ये इंपोर्ट केल्यावर ती पुसताना रिसायकल बिन, गूगल ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रती विसरू नका. सगळ्या प्रती हाती लागणार नाहीत हे उघड आहे. म्हणून शीटमधला प्रत्येक पासवर्ड एकदा बदलायचाच, सुरुवात बँक आणि ईमेल अ‍ॅडमिनपासून.

प्रश्न : शाहूपुरीत आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. दोनशेहून जास्त पक्षकारांचे जीएसटी, आयकर, ट्रेसेसचे (टीडीएसचं सरकारी पोर्टल) पासवर्ड सांभाळावे लागतात. आर्टिकल मुलं (शिकाऊ उमेदवार) येतात-जातात. सध्या कीपास (सगळे पासवर्ड एका कूटबद्ध फाइलमध्ये ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. फाइल सर्व्हरवर शेअर केली आहे, मास्टर पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. एवढं पुरेसं आहे ना?
– कर सल्लागार, शाहूपुरी

उत्तर : एकट्यासाठी कीपास उत्तम आहे : फुकट, ऑफलाइन, भरवशाचं. पण दहाजणांच्या ऑफिसात त्याची एक अडचण कायम राहते. मास्टर पासवर्ड ज्याला माहीत, त्याला सगळं दिसतं. पक्षकारनिहाय परवानगी नाही, कोणी काय उघडलं याची नोंद नाही. आणि एखाद्या मुलानं फाइलची प्रत घरी नेली असेल, तर तुम्ही नंतर मास्टर पासवर्ड बदलून उपयोग शून्य. त्याच्याकडची प्रत जुन्याच पासवर्डनं उघडत राहील. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केलं की एकाचा बदल जाण्याचा धोका असतो तो वेगळाच.

तुमच्या कामाला संघासाठीचा पासवर्ड मॅनेजर हवा. बिटवॉर्डन, वनपासवर्ड आणि आपल्या चेन्नईच्या झोहोचा व्हॉल्ट हे तिन्ही चालतील. बिटवॉर्डन स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतो, पण रोज बॅकअप आणि वेळच्या वेळी अपडेट करणारा माणूस असेल तरच त्या भानगडीत पडा.

मांडणी पक्षकारनिहाय करू नका, दोनशे फोल्डरच्या परवानग्या कोणी सांभाळत नाही. कामाच्या गटांनुसार करा : ‘जीएसटी मासिक’, ‘टीडीएस’, ‘ऑडिट’. प्रत्येक गटाला दोन-तीन माणसं जोडा. पासवर्ड लपवून फक्त आपोआप भरायची सोय बहुतेकांत असते. ती चुकून होणारी गळती थांबवते, पण ब्राउझरची थोडी माहिती असलेला मुलगा भरलेला पासवर्ड वाचू शकतो. त्यामुळे आर्टिकल गेला की त्याच्या गटातले पासवर्ड बदलावेच लागतील. त्याने नेमके कोणते उघडले होते हे मॅनेजरच्या नोंदीत दिसतं, निदान बदलायची यादी तरी आयती मिळते.

रोजच्या वापरात नडणारी गोष्ट म्हणजे लांबी. मॅनेजर वीस-पंचवीस अक्षरांचा पासवर्ड सुचवतो आणि जीएसटी पोर्टल ८ ते १५ अक्षरांचाच घेतं. सरकारी पोर्टलांसाठी जनरेटर १४ वर ठेवा, अंक, मोठं अक्षर आणि चिन्ह सक्तीचं करा. नवा पासवर्ड सेव्ह केल्याबरोबर लॉगआउट होऊन एकदा आत जाऊन बघा. ते टाळलं की अडचण रिटर्नच्या शेवटच्या तारखेलाच उघड होते.

ई-वे बिलात तर पक्षकाराचं मुख्य लॉगिन वाटायची गरजच नाही. तिथे सब-युजर करता येतात. १ एप्रिल २०२५ पासून दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांनाच लागू आहे, त्यामुळे प्रत्येक सब-युजरला त्याचाच मोबाइल नंबर जोडा. नाही तर ओटीपीसाठी मालकाला फोन लावत बसावं लागतं, आणि मालक नेमका मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात असतो.

पक्षकारांच्या बँकेचे पासवर्ड मात्र कुठल्याच मॅनेजरमध्ये घेऊ नका. ते मुळात तुमच्याकडे नसावेतच.

प्रश्न : कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आमचं युनिट आहे. सिंगल साइन-ऑन बसवून बराच काळ झाला, छान चालू होतं. एका सकाळी कुणालाच ईआरपीत जाता येईना. व्हेंडर म्हणतो तुमची चूक, ईआरपीवाला म्हणतो व्हेंडरची. बघायचं कुठे?
– आयटी प्रमुख, कागल

उत्तर : सगळेच एकदम अडकले तर आधी सॅमल सर्टिफिकेटची तारीख बघा. त्याला मुदत असते. मायक्रोसॉफ्ट एंट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सेवा) ती मुळात तीन वर्षांची, गूगलमध्ये पाच वर्षांची. ती संपली की सही मान्य होत नाही आणि दार बंद. नवं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंना चढवावं लागतं, एकाच बाजूनं बदललं तरी हाच प्रकार होतो. सर्टिफिकेट ठीक असेल तर सर्व्हरचं घड्याळ बघा. सॅमलचा निरोप काही मिनिटांपुरताच वैध असतो, त्यामुळे ईआरपी तुमच्याच सर्व्हरवर असेल आणि त्याचं घड्याळ मागेपुढे झालं असेल तर तो निरोप नाकारला जातो.

एकच माणूस अडकला असेल तर कारण बहुधा ईमेल. लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून मेल आयडी बदलला आणि ईआरपीत जुनाच राहिला, की झालं.

सर्टिफिकेटच्या मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण दोघांच्या कॅलेंडरवर टाका. शिवाय दोन आपत्कालीन अ‍ॅडमिन खाती ठेवा, सिंगल साइन-ऑनशिवाय थेट आत जाणारी. पासवर्ड लांब, सोबत हार्डवेअर की (लॉगिनसाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली), आणि दोन्ही खात्यांची पाकिटं वेगवेगळ्या ठिकाणी. तिमाहीतून एकदा ती उघडतात का बघा.

प्रश्न : सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवायचे आणि तीच कंपनी फुटली तर?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : असं घडलं आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडेच होते. अशी प्रत चोराच्या हाती पडली की तो निवांतपणे मास्टर पासवर्ड ताडून बघत बसतो, तिथे ओटीपीचा अडसर नसतो. म्हणजे सगळी मदार मास्टर पासवर्डवर आणि कुलपाची किल्ली बनवताना तो गणिती प्रक्रियेतून किती वेळा घोटला जातो त्या आकड्यावर; आकडा मोठा तेवढं ताडून बघणं अवघड. लास्टपासच्या काही जुन्या खात्यांत हा आकडा ५,००० किंवा त्याहूनही कमी राहिला होता. बिटवॉर्डनमध्ये पीबीकेडीएफ२ या घोटण्याच्या पद्धतीसाठी तो आता ६,००,००० असतो. जुनं खातं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन स्वतः वाढवा. मास्टर पासवर्डसाठी एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत घ्या. ‘अंबाबाई’ आणि जन्मसाल नको, ते पहिल्या यादीत असतं. एक्सेल शीटपेक्षा ही जोखीम तरीही खूपच कमी आहे.

प्रश्न : आमचा कोल्हापुरी चपलांचा ऑनलाइन धंदा आहे, माणसं चार. पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आहेत. चालेल का?
– चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येकाचं विंडोज लॉगिन आणि क्रोम प्रोफाइल वेगळं असेल तर सध्या चालेल. चौघं एकाच लॉगिनवर बसत असतील तर नाही, कारण तिथे बसणारा कोणीही सेव्ह केलेले पासवर्ड उघडून वाचू शकतो. फेसबुक पेज आणि अ‍ॅमेझॉनच्या सेलर खात्याचा पासवर्ड वाटू नका, दोन्हीकडे माणसागणिक परवानगी देता येते. इन्स्टाग्रामचा ओटीपी फोटो काढणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर येत असेल तर तो आजच स्वतःच्या नंबरवर घ्या.