चिकुनगुनियाच्या विषाणूत एका अक्षराचा बदल झाल्याने त्याची संसर्गक्षमता खरोखर वाढते का?

आपण विचारले आहे की, २००५-०६ च्या सुमारास चिकुनगुनियाचा विषाणू बदलला म्हणून साथ एवढी पसरली असे वाचनात येते, ते खरे आहे का, आणि त्या बदलामुळे आजारही अधिक तीव्र होतो का. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच. बदल झाला हे खरे आणि संसर्गक्षमता वाढली हेही खरे. मात्र ती माणसात नव्हे, डासात वाढली, आणि तीही डासाच्या एकाच जातीत.

हिंदी महासागरातील रीयुनियन या फ्रेंच बेटावर २००५ मध्ये साथ सुरू झाली आणि २००६ च्या मध्यापर्यंत सुमारे पावणेआठ लाख वस्तीपैकी एक तृतीयांश लोकांना तिने गाठले. नवल असे की, चिकुनगुनियाचा नेहमीचा वाहक जो एडिस इजिप्ती डास, तो त्या बेटावर फार विरळ आहे. तिथे मुबलक आहे तो त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस, ज्याच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असते आणि जो घरातल्या रांजणापेक्षा बागेत, झाडीत अधिक रमतो. रुग्णांच्या रक्तातील विषाणू तपासले, तेव्हा सुरुवातीच्या नमुन्यांत ‘ई१’ या बाह्य प्रथिनातील २२६ व्या जागी अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा) होते, तर काही महिन्यांनंतरच्या ९० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत तिथे व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आलेले होते. सुमारे ११,८०० अक्षरांच्या आरएनए साखळीत एक अक्षर बदलले की एवढे घडते, आणि ही साखळी उतरवून घेणारे विकर आपल्या चुका तपासत नसल्यामुळे असे बदल सतत होतच असतात.

हा बदल नेमका कुठे उपयोगी पडतो हे समजण्यासाठी डासाच्या पोटात डोकवावे लागेल. मादीने रुग्णाचे रक्त प्यायले म्हणजे ती लगेच रोगवाहक होत नाही. विषाणूला आधी आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरावे लागते, तिथे वाढून बाहेर पडावे लागते आणि मग लाळग्रंथींपर्यंत पोहोचावे लागते; याला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात डास मेला तर सारेच खुंटते. ‘ई१’ हे प्रथिन विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळवण्याचे काम करते, म्हणजे अडथळ्यांच्या या शर्यतीत पहिल्याच टप्प्यावर त्याची गरज पडते. २००७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या गॅल्व्हेस्टन येथील प्रयोगशाळेने केवळ या एका जागी फरक असलेले दोन विषाणू तयार करून ते रक्तातून दोन्ही जातींच्या डासांना पाजले. अल्बोपिक्टसला संसर्ग होण्यासाठी बदललेला विषाणू जुन्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका पुरला. इजिप्तीमध्ये मात्र त्याला असा कोणताही लाभ मिळाला नाही.

हाच बदल २००७ मध्ये केरळात स्वतंत्रपणे उद्भवला. तिथल्या रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्याच्या वाट्यांमध्ये पावसाचे पाणी साचते आणि अल्बोपिक्टसची पैदास होते, हे लक्षात घेतले की त्यात आश्चर्य वाटत नाही. त्याच वर्षी केरळहून गेलेल्या एका प्रवाशामार्फत तो विषाणू इटलीत रावेन्नाजवळच्या गावांत पोहोचला आणि दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, कारण अल्बोपिक्टस तिथे आधीच स्थिरावलेला होता.

पण म्हणून प्रत्येक साथीचे खापर या बदलावर फोडणे चूक आहे. २००६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात लाखो लोकांना ज्याने आडवे केले, त्या विषाणूत २२६ व्या जागी अ‍ॅलानिनच होते. आपल्याकडे पिंप, टाक्या आणि कूलरमध्ये वाढणारा इजिप्ती भरपूर असल्यामुळे विषाणूला वेगळ्या सोयीची गरजच नव्हती. आजाराच्या तीव्रतेबाबत सांगायचे तर, या बदलाचा फायदा डासाच्या आतड्यात मोजला गेलेला आहे, माणसाच्या सांध्यांत नव्हे. रीयुनियनमध्ये गंभीर रुग्ण बरेच दिसले हे खरे, परंतु अडीच लाखांहून अधिक लोक एका वेळी आजारी पडले की एरवी विरळ असणारी गुंतागुंतही ठळकपणे दिसू लागते.

माझे आजोळ बार्शीचे. तिथे १९७३ मध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, आणि त्या दिवसांत सकाळी उठून दाराची कडी काढणेही घरात कोणाला जमत नसे, असे आजी सांगत असे. तो विषाणू आशियाई वंशाचा होता. २००५ नंतरचा मात्र आफ्रिकी वंशाचा. आग्नेय आशिया हे अल्बोपिक्टसचे मूळ घर, आणि तिथे आशियाई वंश अनेक दशके वावरला, तरीही त्याने हा बदल का आत्मसात केला नाही, याचे उत्तर २०११ मध्ये मिळाले. त्या वंशात ‘ई१’ च्या ९८ व्या जागी थ्रिओनिन असते, आणि ते तिथे असेपर्यंत २२६ व्या जागी व्हॅलिन आले तरी अल्बोपिक्टसमध्ये त्याचा उपयोग होत नाही.