पायबंद, लगाम आणि अमेरिकेतलं ‘सत्तांतर’

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेत अध्यक्षांच्या विरोधातल्या पक्षाने प्रतिनिधिगृह किंवा सिनेट जिंकलं, की आपल्याकडे “सत्तांतर” असा मथळा येतो. हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर कोणता वापरावा? शिवाय तिथल्या “शटडाउन”ला टाळेबंदी म्हणता येईल का?’

बरोबर नाही. सत्तांतर म्हणजे काय, हे निदान महाराष्ट्रात तरी कुणाला शिकवायला नको. २०१९पासून आपल्या डोळ्यांसमोर त्याची प्रात्यक्षिकं झाली आहेत. सत्तांतर झालं की खुर्चीतला माणूस बदलतो. तिकडे तो बदलत नाही. अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला असतो, सभागृहाच्या विश्वासावर बसलेला नसतो, त्यामुळे अविश्वास ठराव ही सोयच तिथे नाही. १९९४ साली क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ५४ जागा घालवल्या आणि ४० वर्षांनी ते सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं. २०१० साली ओबामांच्या पक्षाच्या ६३ जागा गेल्या. दोघेही खुर्चीत राहिले आणि दोन वर्षांनी पुन्हा निवडून आले. आता सांगा, अंतर कसलं पडलं?

‘सरकार अल्पमतात’ हाही असाच अडाणी मथळा. आणि ‘मध्यावधी निवडणूक’? हा शब्द तर मला दर चार वर्षांनी नोव्हेंबरात छळतो. आपल्याकडे सभागृह मुदतीआधी विसर्जित झालं की मध्यावधी निवडणूक होते. १९७१ची, १९८०ची, १९९८ची. अवधी म्हणजे मुदत, ती मध्येच तुटली म्हणून मध्यावधी. तिकडे काहीच तुटत नाही. प्रतिनिधिगृहाची मुदतच दोन वर्षांची, ती पूर्ण भरते आणि ४३५ जागांची निवडणूक ठरलेल्या मंगळवारी होते. मध्य असतो तो अध्यक्षांच्या कारकिर्दीचा. मला विचाराल तर ही सहामाही परीक्षा आहे. सहामाहीत नापास झालं म्हणून कुणी शाळेतून काढत नाही, प्रगतिपुस्तक घरी येतं आणि घरचं वातावरण बिघडतं, इतकंच. पण ‘सहामाही निवडणूक’ कुणी छापणार नाही, हे मला ठाऊक आहे. असो.

आता मुद्द्याचा शब्द. जरा बरे संपादक ‘अध्यक्षांना लगाम’ असं छापतात. सत्तांतरापेक्षा बरं, पण चूकच. लगाम कुणाच्या हातात असतो? स्वाराच्या. लगामाने घोडा थांबवता येतो तसा वळवताही येतो. अमेरिकी काँग्रेसला (म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून तिथली संसद; आपली काँग्रेस नव्हे, हा खुलासा दरवेळी करावा लागतो) अध्यक्षांना वळवता येत नाही. २००६ साली, रिपब्लिकन बुश अध्यक्ष असताना, इराक युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांच्या हवाली केली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. लोकांना वाटलं, वळला घोडा. जानेवारी २००७मध्ये बुश यांनी इराकमधलं सैन्य २० हजारांहून जास्त जवानांनी वाढवलं! काँग्रेसने सैन्यमाघारीचं वेळापत्रक जोडून खर्चाचं विधेयक पाठवलं, त्यावर बुश यांनी १ मे रोजी नकाराधिकार (व्हेटो) वापरला. नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. ती कुठून आणणार?

म्हणून माझा शब्द: पायबंद.

आपण ‘भ्रष्टाचाराला पायबंद घालू’ असं इतक्या वेळा ऐकलंय, की त्यातला घोडा कधीच पळून गेला आहे. पायबंद म्हणजे तबेल्यात घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी. घोडा उभा असतो, खिंकाळतो, मान झटकतो, पुढे आलेल्याला चावूही शकतो. फक्त उधळू शकत नाही, लाथ मारू शकत नाही. विरोधी सभागृहाच्या तावडीत सापडलेल्या अध्यक्षाचं याहून नेमकं चित्र मला कुठे सापडलेलं नाही.

मागचे पाय म्हणजे पैसा, कायदे आणि, सिनेट विरोधात असेल तर, नेमणुका. ते बांधले जातात. २०१४ साली सिनेट रिपब्लिकनांकडे गेली. फेब्रुवारी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया वारले आणि ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव सुचवलं. सिनेटने त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. वर्षभर जागा रिकामी राहिली आणि पुढच्या अध्यक्षांनी भरली. पुढचे पाय म्हणजे परराष्ट्र व्यवहार, लष्कर, प्रशासकीय आदेश. ते बऱ्यापैकी मोकळे राहतात. १९४६ साली ट्रुमन यांनी दोन्ही सभागृहं गमावली. त्याच विरोधी काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार मोडून १९४७मध्ये कामगार संघटनांना आवळणारा टॅफ्ट-हार्टली कायदा केला आणि त्याच काँग्रेसने १९४८मध्ये युरोपला मदत करणारी मार्शल योजना मंजूर केली. मागचे पाय बांधलेले, पुढचे अटलांटिकपार! (उपमा ताणली जातेय हे मला कळतंय. ताणू द्या.)

यावर एका भाषाशुद्धीवाल्या गृहस्थांनी मला मागे सुनावलं होतं, की पायबंद फारसी आहे, ‘प्रतिबंध’ म्हणा. फारसी आहेच. पण फारसीतला ‘पाय’ आणि संस्कृतातला ‘पाद’ हे एकाच मुळाचे. फारसीतला ‘बंद’ आणि संस्कृतातला ‘बंध’ही तसेच. पायबंद म्हणजे इराणमार्गे आलेला पादबंधच. ज्या ‘बंधा’ची यांना भीती वाटते, तो यांच्या ‘प्रतिबंधा’त आधीपासून बसलेला आहे.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. विरोधकांनी प्रतिनिधिगृह जिंकलं की पहिली चर्चा कशाची होते? ‘इंपीचमेंट’ची, म्हणजे महाभियोगाची. इंग्रजीतलं ‘इंपीच’ आलं जुन्या फ्रेंचमधून. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा भाऊ ‘आंपेशे’ म्हणजे अडवणे. दोघांचा बाप उत्तरकालीन लॅटिनमधला ‘इंपेदिकारे’. त्यात ‘पेदिका’, म्हणजे पायातली बेडी. आणि ‘पेदिका’त ‘पेस’, म्हणजे पाय. तोच आपला पाद, तोच फारसीचा पाय. म्हणजे ‘इंपीच’चा मूळ अर्थ अक्षरशः ‘पायबंद घालणे’! दोन शब्द, दोन खंड, आणि बांधायला सुचला तो पायच. मला हे कळलं त्या दिवशी चहा गार झाला होता.

काही कोशकार मध्येच नाक खुपसून सांगतात, की ‘आरोप करणे’ हा अर्थ लॅटिन ‘इंपेतेरे’, म्हणजे चाल करून जाणे, या शब्दामुळे आला. मान्य. अर्थाला तिकडचा वारा लागला असेल, मध्ययुगीन कारकुनांनी दोहोंची गल्लत केली होती. म्हणून शब्दाचा बाप बदलत नाही. शेजाऱ्यासारखं बोलायला लागलं तरी पोर आपल्याच घरचं असतं.

आपला ‘महाभियोग’ मात्र मला कायम जड वाटत आला आहे. महा अधिक अभियोग. अभियोग म्हणजे आरोप, खटला. पण त्या ‘महा’मुळे ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, अध्यक्ष गेले. ‘महाभियोग मंजूर’ असं छापून आलं की लोक पुढच्या अध्यक्षाचं नाव विचारू लागतात. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने फक्त आरोप ठेवतं. दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात आणि आजवर एकाही अध्यक्षाच्या वाट्याला ती आलेली नाहीत. १९९८चे क्लिंटन सुटले, २०१९ आणि २०२१चे ट्रम्प सुटले. निक्सन यांच्यावर तर महाभियोग झालाच नाही. सभागृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट १९७४मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. (‘निक्सन महाभियोगाने गेले’ असं सांगणारे शिक्षक मी पाहिलेत.)

सगळ्यात रसाळ प्रकरण पहिलं, अँड्र्यू जॉन्सन यांचं. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेले, मूळचे डेमोक्रॅट. १८६६च्या निवडणुकीत विरोधी रिपब्लिकनांना नकाराधिकार सहज मोडता येईल एवढं बळ मिळालं. त्यांनी १८६७मध्ये कायदाच केला, की सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला अध्यक्षाने सिनेटला न विचारता काढायचं नाही. पायबंद म्हणतात तो हाच! जॉन्सन यांनी तरीही युद्धमंत्री स्टँटन यांना काढलं, दोरी तुटली आणि १८६८मध्ये महाभियोग आला. सिनेटमध्ये दोषी ठरवायला ३६ मतं हवी होती, पडली ३५. एका मताने वाचले. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. इकडे एका मताने सरकार गेलं, तिकडे एका मताने अध्यक्ष राहिला. सत्तांतर आणि पायबंद यांतला फरक विचारणाऱ्याला मी या दोन तारखा सांगतो.

पायबंद सगळीकडे चालेल असंही समजू नका. सभागृहाच्या समित्या कागदपत्रं मागतात, साक्षीला बोलावतात, चौकशी वर्षभर चालवतात, ते लोढणं. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात तो ओंडका. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपटतो. आणि विधेयक अडकवून ठेवणं म्हणजे खोडा. तोही मुळात पायाचाच, कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. मराठीला अडवण्याचे शब्द कमी नाहीत, मथळे लिहिणाऱ्यांना आहेत.

शटडाउनचं राहिलंच. टाळेबंदी नको. टाळेबंदी मालक करतो, कामगारांशी भांडण झालं की. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा. २०२०पासून तर तो शब्द लॉकडाउनलाही चिकटला आहे. शटडाउनमध्ये भांडण मालकामालकांचं असतं. खर्चाची मंजुरी वेळेत झाली नाही की कचेऱ्यांना पैसा खर्च करता येत नाही, बरेच कर्मचारी घरी बसतात आणि विमानवाहतूक नियंत्रकांसारखे बाकीचे तूर्त बिनपगारी राबतात. क्लिंटन आणि विरोधी काँग्रेस यांच्या भांडणात नोव्हेंबर १९९५मध्ये ५ दिवस आणि मग नाताळाच्या सुमारास २१ दिवस हेच झालं. दोन भावांच्या वाटणीत दुकानाचं शटर खाली. ‘सरकारी कामकाज ठप्प’ लिहा, नाहीतर सरळ ‘शटडाउन’ लिहा. एका मथळ्यात मी ‘अमेरिकेत ताळेबंदी’ असंही वाचलं आहे. ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट! इतके दिवस सगळे मिळून हिशेबच जुळवत बसले होते की काय?