दीडशेचा कोन काटकोन त्रिकोणात मावेना

अकरावीची पहिली युनिट टेस्ट झाली की दरवर्षी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आया एकच तक्रार घेऊन येतात. "दहावीत गणितात नव्वदच्या वर होते हो, आता पास होण्याची मारामार." इंदुरात भंवरकुआंला कोचिंग लावलेलं असतं, वर्षाची फी भरून झालेली असते, त्यामुळे घरात धुसफूस वेगळीच.

रामबागेतली एक मुलगी आठवते. तिला मधुरा म्हणू. आई बसताबसताच म्हणाल्या, "ताई, त्रिकोणमितीचं पुस्तक उघडलं की ही रडते. आर्ट्सला घालावं का?" मधुरा ओढणीशी चाळा करत गप्प. आईंना मी बाहेर बसवलं.

"साइन म्हणजे काय गं?"

"लंब बाय कर्ण. पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले."

"आणि साइन १५०?"

"अर्धा. ऍड शुगर टू कॉफी, सेकंड क्वाड्रंटमध्ये साइन प्लस." दोन्ही पाठांतराची वाक्यं, पहिलं गुणोत्तरांसाठी, दुसरं कुठे प्लस-कुठे मायनस ते लक्षात ठेवायला. मग एकदम उसळून, "पण काटकोन त्रिकोणात दीडशेचा कोन मावतोच कसा? सरांना विचारलं तर म्हणाले, फॉर्म्युला लाव."

हा प्रश्न जिला पडतो ती गणितात ढ नसते, हे मी तिला तिथेच सांगितलं. दहावीत कोन ० ते ९० च्या आत, त्रिकोणात बसलेला. अकरावीत तोच साइन वर्तुळावर जातो, कोन फिरायला लागतो आणि मोजमाप अंशांवरून रेडियनवर येतं. मधला सांधा कुणी दाखवला नाही तर घोकणारी मुलं निभावून नेतात. अडकतात ती 'का' विचारणारी. अशा मुलांना नुसता धीर देऊन भागत नाही. अर्थ हाताला लागला की भीती आपोआप उतरते, असं माझं मत वर्षानुवर्षं पक्कंच होत गेलंय.

म्हणून पुढच्या भेटींत आत्मविश्वास वगैरे विषय मी काढलाच नाही. स्टीलचं ताट आणि दोरा काढला. मध्यापासून काठापर्यंतचा दोरा कापून तो काठावरून लावत जायचं, स्केचपेननं खुणा करायच्या. सहा दोरे बसले आणि फट उरली, पाव दोऱ्यापेक्षा जराशी जास्त. मग वाटी घेतली. सहा दोरे, आणि त्याच हिशोबात फट. "६.२८... टू पाय!" एका दोऱ्याएवढ्या कंसाचा कोन म्हणजे एक रेडियन, ५७.३ अंश. आर्यभटाच्या 'ज्या'च्या, म्हणजे साइनच्या, सारणीत त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे, असं मी सहज म्हटलं. साठ कलांचा एक अंश, म्हणून तिनं साठानं भागलं, ५७.३ आलं, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

मग चार्टपेपरवर दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ. दहा सेंटिमीटर म्हणजे एक. काठावरच्या बिंदूची उंची साइन, मध्यापासूनचं आडवं अंतर कॉस. ३० अंशांना उंची पाच. ६० ला साडेआठच्या थोडी पुढे. ९० ला पूर्ण दहा, आडवं शून्य. १५० ला तिनं न सांगताच पट्टी उभी धरली. पाच! पट्टी तशीच धरून म्हणाली, "म्हणजे कोन त्रिकोणात मावायलाच नको! बिंदू किती वर आहे, एवढंच विचारतायत." आणि लगेच, "कॉस मायनस, कारण हा डावीकडे गेला. कॉफी लागतच नाही." मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवावं, हे मला जमतं.

सहामाहीत तिला सत्तरीत मार्क पडले. आईंना ते कमी वाटले, मधुराला वाटले नाहीत.

पालकांनो, स्ट्रीम बदलायची घाई नको आणि तक्ता पाठ करून घेण्याचीही. महाकालला जाताच, तर मुलांना उज्जैनच्या वेधशाळेतही न्या. सवाई जयसिंहाच्या सम्राट यंत्राची, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाची, सावली वक्र पट्टीवर तासाला १५ अंश सरकते. कोन फिरतो म्हणजे काय ते तिथे डोळ्यांना दिसतं. आणि घरी एकदा विचारा, "साइन १२० म्हणजे काय रे?" 'रूट तीन बाय दोन' एवढंच उत्तर आलं, तर कोचिंग बदलण्याआधी चार्टपेपर आणा. मूल हवेत बोट फिरवून 'इतकं वर' म्हणालं, तर त्याला सराव हवाय, माझी अपॉइंटमेंट नको.