पुरवणी तपासली गेली का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली. फिजिक्स 46, मॅथ्स 43, केमिस्ट्री 44, बायोलॉजी 66. सीईटीत पीसीएम ग्रुपला 88 पर्सेंटाइल आहेत. पण इंजिनिअरिंगला तीन विषयांत मिळून 45 टक्के लागतात. आम्ही ओपनमध्ये. तिचे होतात 133, म्हणजे दोन कमी. केमिस्ट्रीत प्रॅक्टिकलचे 27 आहेत, म्हणजे लेखीत 70 पैकी फक्त 17! तिने दोन पुरवण्या लावल्या होत्या. उत्तरपत्रिका मागवावी का? घरचे म्हणतात, पैसे पाण्यात जातील.
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, मागवाच. पण आधी तिची गुणपत्रिका पुन्हा हातात घ्या. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पात्रतेला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे आहेत; तिसरा विषय केमिस्ट्रीच हवा असं नाही, बायोलॉजीही चालतो. 46, 43 आणि 66 मिळून 155 होतात, लागतात 135. मुलगी आजच पात्र आहे. कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी मुदतीत करा, बायोलॉजीचे गुण भरा आणि यंदाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान सुविधा केंद्रावर दाखवून खात्री करून घ्या. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून किती मुलं दोन-चार गुणांसाठी घरी बसली असतील, या विचाराने मला फार वाईट वाटतं.

आता ते 17 गुण. मी 19 वर्षं बारावीचे केमिस्ट्रीचे पेपर तपासले. एकदा एका पुरवणीचं शेवटचं पान माझ्याकडून न उलटता राहिलं. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकांच्या हाती तो पेपर लागला म्हणून त्या मुलाचे सहा गुण वाचले. नियामक सगळे पेपर पाहत नाहीत, काहीच पाहतात. म्हणून घरच्यांना सांगा, हे पैसे पाण्यात जात नाहीत.

नुसत्या गुणपडताळणीला 50 रुपये पडतात. तीत बेरीज आणि न तपासलेले प्रश्न पाहतात, उत्तर पुन्हा कुणी वाचत नाही. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला विषयाला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला आणखी 300, असं शुल्क गेली काही वर्षं आहे. मजुरी करणाऱ्या घराने हे 700 रुपये कुठून आणायचे? तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा विद्यार्थ्याचा माहिती अधिकारातला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय. बेरीज चुकली असेल तर त्याचा भुर्दंड मुलीच्या घरावर पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

छायाप्रत मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांतच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. तेव्हा छायाप्रत आली की लगेच पाहून द्या, असं तिच्या केमिस्ट्रीच्या सरांना आत्ताच सांगून ठेवा. तोवर प्रवेशाची कुठलीही फेरी चुकवू नका, फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. आणि छायाप्रत आली की सर्वांत आधी दोन्ही पुरवण्या तीत आहेत का, ते मोजा.