प्रॉमिनन्सचा, म्हणजे सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या वायूच्या ज्वाळेचा टाइमलॅप्स करायचाय?
पांढऱ्या प्रकाशाच्या सोलर फिल्टरमधून प्रॉमिनन्स दिसणारच नाहीत, ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश दाखवणारी, सूर्यासाठीच बनवलेली हायड्रोजन-अल्फा दुर्बीण हवी. तेजोमेघांच्या फोटोंसाठी मिळणारा एच-अल्फा फिल्टर सूर्याला लावायचं नावही काढू नकोस, डोळा जाईल.

एक्स्पोजर कडेवरच्या ज्वाळेसाठी ठेव, बिंब जळून पांढरं झालं तरी चालेल. दर ३० सेकंदांनी छोटा व्हिडिओ घे आणि त्यातल्या चांगल्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक कर, म्हणजे एकावर एक रचून एकच चित्र बनव. गेन (कॅमेऱ्याची सिग्नल वाढवण्याची सेटिंग) मध्येच बदललास की फिल्म लुकलुकते. निदान तासभर तरी घे, शांत प्रॉमिनन्स फार सावकाश बदलतो.

आणि बस सकाळीच. गच्चीचा स्लॅब तापला की सूर्याची कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते, मग महागडा कॅमेराही काही कामाचा नाही. अल्टअझिमथ माउंटवर (फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या स्टँडवर) चित्र हळूहळू फिरतं. ते नंतर सरळ करता येतं, कटकट आहे एवढंच.