कॅमेरा बिघडलाय की मीच चुकतेय?

प्रश्न : नमस्कार सर, मागच्या महिन्यात कॅननचा १५०० डी घेतला, सोबत १८-५५ ची किट लेन्स. इतकी वर्षं मोबाईलवरच फोटो काढले, हा पहिलाच डीएसएलआर. हातात घेतला तेव्हा काय भारी वाटलं, तो खट्ट आवाज तर फारच आवडला. पण रविवारी कास पठारावर गेलो आणि सगळी हौसच फिटली. फुलाजवळ कॅमेरा नेऊन बटण दाबलं की लेन्स नुसतीच गुर्रगुर्र करते आणि फोटो काही निघत नाही. डोळा लावून बघावं तर सगळं धूसर, मला चष्मा आहे म्हणून का? पांढरी गेंदाची फुलं तर मळकट आलीत. शेजारी मुलगा मोबाईलवर मस्त फोटो काढून मला हसत होता. दुकानदाराकडून पीस बदलून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पीस बदलायला अजिबात जाऊ नका, तुमचा कॅमेरा ठणठणीत आहे. तो फोटो काढत नाहीये कारण त्याला फोकस मिळत नाहीये, आणि फोकस मिळेपर्यंत शटर सोडायचं नाही असं त्याला शिकवलेलंच आहे. मोबाईल आपण फुलाला पार चिकटवतो ना, तीच सवय इथे नडते. तुमच्या लेन्सला कमीत कमी २५ सेंटीमीटर अंतर लागतं, आणि हे अंतर लेन्सच्या काचेपासून नाही तर आतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरपासून मोजायचं, कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला एक गोल आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसेल, सेन्सर तिथे आहे. म्हणजे काचेपुढे साधारण अर्धी वीत तरी जागा हवी, नवीन असताना एक वीतच धरा. आधी झूम ५५ वर न्या, मग कॅमेरा हळूहळू पुढे सरकवा, बीप वाजला की दाबा. फूल चांगलं मोठं येतं. आणि त्यासाठी गवतात आडवं पडू नका, पायवाटेवरूनच काढा, एका फोटोसाठी चार फुलं चिरडणारे कासला कमी नाहीत.

आता धूसर दिसण्याचं. डोळा लावायच्या खिडकीच्या उजव्या कडेला एक बारीक चाक आहे, ते बहुतेक लोकांना वर्षभर सापडतच नाही (मला दुसऱ्याच एका माणसाने दाखवलं, तोवर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो). चष्मा लावूनच बघा आणि आतले ९ फोकसचे ठिपके स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. याने फोटोत काही फरक पडत नाही, फक्त तुमच्या डोळ्याला नीट दिसतं.

गेंद मळकट आले कारण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम राखाडी असावं असं वाटतं, समोर पांढरंच पांढरं आलं की तो घाबरून उजेड कमी करतो. हिरव्या ऑटो मोडमध्ये तुम्ही त्याला काही सांगू शकत नाही. डायल पी वर करा, एव्ही आणि प्लस-मायनस लिहिलेलं बटण दाबून धरा आणि शटरजवळचं चाक फिरवून काटा प्लस एककडे न्या. पी मध्ये फोकसचा मधला ठिपकाही निवडता येतो, नाहीतर कॅमेरा फूल सोडून पुढच्या गवताची काडी पकडतो. मोबाईल एका फोटोसाठी अनेक फोटो जोडून, उजळून तयार ताट वाढतो, इथे मीठ तुम्हाला घालायचंय, मुलाला हसू द्या.

एक विचारलं नाहीत तरी सांगतो. डावा तळवा लेन्सखाली, कोपर अंगाला टेकलेलं, बोटं झूमच्या जाड रिंगवर. सगळ्यात पुढची बारीक रिंग मात्र धरू नका, ऑटोफोकस होताना ती स्वतः फिरते आणि ती दाबून धरली की आतली बिचारी मोटर झगडत बसते. तुमच्या गुर्रगुर्रीत थोडा वाटा त्याचाही असेल.

प्रश्न : मीही नुकताच हाच कॅमेरा घेतलाय. सगळे म्हणतात लगेच ५० एमएमची लेन्स घे, बॅकग्राउंड ब्लर होतं. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लेन्स चांगलीच आहे हो, एफ १.८ आहे, म्हणजे जास्त उजेड आत घेते, घरातल्या उजेडातही कामाला येते. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ८० सारखी वागते, म्हणजे समोरचं जास्त जवळ दिसतं, दहा बाय दहाच्या खोलीत चौघांचा फोटो काढायला गेलात तर पाठ भिंतीला लागेल. पैसे घालायच्या आधी एक करा, किट लेन्सचा झूम ५० च्या आसपास नेऊन त्या रिंगवर चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तसंच वापरा. बॅकग्राउंड तेवढं ब्लर होणार नाही, पण अंतर जमतंय का ते कळेल. आठ दिवसांनी चिकटपट्टी काढावीशी वाटली नाही, तर घ्या.