तक्रार केल्यावर राजीनामा मागूलेत, सही करू का?

प्रश्न: वकीलताई नमस्कार, मी बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सुपरवायझर नको ते बोलायचा, मुद्दाम अंगाला अंग लावून उभा राहायचा म्हणून मागच्या महिन्यात कारखान्यातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कमिटीकडं लेखी तक्रार दिली. तेव्हापासून मला स्टोअरला टाकलंय, ओव्हरटाइम बंद, आणि माझा रिपोर्ट अजून तोच लिहितो. परवा एचआरनं कन्नड कागद पुढं केला, सही कर म्हणाले. मला कन्नड धड वाचता येत नाही, फोटो काढून भावाला पाठवला तर राजीनामा निघाला! घरचे म्हणूलेत गप सोडून दे. काय करू?
— एक वाचक, मच्छे

उत्तर: ताई, सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत, आणि पुढंही करू नका. स्वतःहून सोडलं असा कागद एकदा त्यांच्या हातात गेला की मला जबरदस्तीनं घालवलं हे पटवून देणं लई जड जातं. पुढच्या वेळी सरळ सांगा, प्रत द्या, समजून घेतल्याशिवाय सही करणार नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रारीचा सूड घेण्यावर वेगळं कलम नाही, त्यामुळं कंपनीवाले बिनधास्त असतात. पण कलम 3 बघा, छळाशी जोडून नोकरीबद्दल धमकी दिली, कामात आडकाठी केली, भीतीचं वातावरण केलं तर तोही लैंगिक छळच धरता येतो. म्हणून त्याच कमिटीला दुसरा अर्ज द्या, शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांच्या आत. त्यातच कलम 12 खाली मागा की चौकशी संपेपर्यंत त्या सुपरवायझरची बदली करा आणि माझा रिपोर्ट त्यानं लिहायचा नाही. हवी तर 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते, ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापत नाहीत. बदली तुम्हीसुद्धा मागू शकता, पण न मागता तुम्हालाच स्टोअरला टाकणं हा काय दिलासा नव्हे, हे अर्जात स्पष्ट लिहा.

खरा जोर तारखांत आहे. तक्रारीची पोच, स्टोअरला टाकल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, आधीच्या आणि आताच्या पगार स्लिपा एकत्र लावा, ओव्हरटाइम कधी तुटला ते आपोआप दिसतं. अर्ज आधी मराठीत मनासारखा लिहा, मग भावाकडून कन्नडमध्ये करून घ्या, दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्क्यासकट पोच घ्या.

पुरावा कमी पडला तर उलट आपल्यावरच येईल ही भीती बायकांना फार असते. कलम 14 मध्ये स्वच्छ लिहिलंय, नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा 15100 ला फोन करा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि उद्या गेटवरच अडवलं तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टानं कळवा की मी कामावर यायला तयार आहे, मला आत सोडलं नाही, आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.